आर्लला न उघडलेली बॅग

रोन नदीकाठी वाइनचे चार पेले. एक भरलेला.

रोमन आखाड्याच्या दगडी पायरीवर एक कानटोपी.

टेक्सास, एकशे चार डिग्री. अंगात फुलबाह्यांचा स्वेटर.

कॉलरच्या आत सुईची चार भोकं.

तर झालं असं. २००६ चा जुलै. टेक्सासमधल्या अर्विंगला सावनी कर्णिक खाजगी तपास करायची आणि गुरुदत्त तिची गाडी चालवायचा. तर्कही चालवायचा, पण गाडीइतका सरळ नाही.

जवळच्या प्लेनो गावाहून सत्यजित आला. डोळे सुजलेले.

"बाबा हरवलेत. फ्रान्समध्ये रोन नदीवर, रोमन अवशेष आणि द्राक्षमळे, अशी क्रूझ होती. आर्लला उतरलो त्याच दिवशी आखाडा बघितला, मी जरा वाइन टेस्ट करायला वळलो, परत येतो तर पायरीवर नुसती त्यांची कानटोपी..."

त्याच्या वडिलांना, मनोहररावांना, आताशा काही आठवत नसे.

"पासपोर्ट माझ्याकडे. पण आईनं प्रत्येक शर्टाच्या कॉलरमध्ये नाव-फोनची चिठ्ठी शिवली होती. महिना झाला, कुणाचाच फोन नाही!"

"बॅग?"

"तशीच परत आणली. उघडलीच नाही."

प्लेनोच्या घरी सावनीनं ती उघडली. सहा शर्ट, कडक इस्त्री, घडी न मोडलेली. एकाही कॉलरमध्ये चिठ्ठी नाही. नुसती चार-चार भोकं.

गुरुदत्तनं सूनबाईकडे बघितलं.

"बघा, बघा," निधी फिस्कारली. "सून म्हणजे व्हिलन. यार, मला बटणसुद्धा लावता येत नाही. पॅकिंग सगळं आईंनी केलं."

सत्यजितची आई, सुमित्राकाकू, स्वेटरची बाही ओढत म्हणाल्या, "केलं की. धुणं, इस्त्री, घड्या. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही मी."

"उसवायला निधीला कुठे शिवण यायला हवं?" गुरुदत्त कुजबुजला. "फ्रान्समध्ये उसवल्या असतील."

"न उघडलेल्या बॅगेत?" सावनी मोठ्यानं म्हणाली. "कॉलर उलटल्याशिवाय टाका कापता येत नाही, आणि उलटली की घडी मोडते. म्हणजे आधी उसवलं, मग इस्त्री. आणि इस्त्री एकाच हाताची. सहाच्या सहा शर्टांत, कारण त्या दिवशी कुठला अंगात असेल ते घरी बसलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं. काकू, बाई उन्हाळ्यात स्वेटर का घालते?"

काकूंनीच बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत विरत आलेले पिवळट डाग, मधे वाकडं जुळलेलं हाड.

सत्यजित बघतच राहिला. "महिन्यानंतरही?"

"दोनदा मोडलाय हा हात. तू शाळेत होतास," काकू म्हणाल्या. "माझं नाव विसरले ते. मारायचं नाही विसरले."

"अगं, मला सांगायचंस!"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, आजारी आहेत, सांभाळून घे. आता तू सांभाळायला नेलंस. घटकाभर तरी सांभाळलंस का?"

सत्यजित सावनीकडे वळला. "सावनी, ते सापडतील ना?"

गुरुदत्तनं गाडीची किल्ली चाचपली.

अठ्ठावीस जूनला, समुद्राजवळच्या एका गावात, रोनमधून काढलेल्या एका म्हाताऱ्याला नावाशिवाय पुरलं होतं.