एका लिटरचे वर्तुळ

"बास, बास! सांडेल!" विलुम ओरडला.

"आजोबांच्या हातून कधी सांडलंय का रे?" सिग्ने म्हणाली. तिने मोटरसायकलचे हँडल दोन्ही हातांनी सरळ धरले होते.

दर शुक्रवारी सकाळी एवाल्ड आजोबा गाडी पंपावर आणत, डबल स्टँडवर उभी करत आणि टाकी काठोकाठ भरत. पुढच्या शुक्रवारी पुन्हा त्याच काठापर्यंत. जेवढे पेट्रोल आत गेले, तेवढे आठवडाभरात जळले. सुट्टीत हँडल धरायचे काम सिग्नेचे असे.

खट्! पंप थांबला. सिग्नेने आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला. जेमतेम एक लिटर!

दुकानातून गुद्रुनबाईंनी डोके बाहेर काढले. "एवाल्ड, तुझी गाडी वाऱ्यावर चालते की काय? सगळी गिऱ्हाइकं अशीच निघाली तर पंप बंद करून बटाटे लावीन मी!"

आजोबा हसले, पण फक्त ओठांनी. त्यांनी हेल्मेट चढवले आणि ते निघून गेले.

"सिग्ने, कसला विचार करतेस?" आस्गरने सायकलवर बसत विचारले. तो तिचा मामेभाऊ, तिच्याहून एका वर्षाने मोठा आणि दहा वर्षांनी मोठा असल्यासारखा वागणारा.

"आजोबा आठवडाभर गाडी काढतच नाहीत. फक्त गुरुवारी. काल ते स्टेनहाउनला जाऊन आले ना?"

"हो. दर गुरुवारी जातात. बंदरावर सगळे मोटरसायकलवाले जमतात, सॉसेज खातात, एकमेकांची इंजिनं बघतात. त्यात काय?"

"स्टेनहाउन पंचेचाळीस किलोमीटर आहे. जाऊन-येऊन नव्वद. एका लिटरमध्ये?"

आस्गरची सायकल थांबली.

दुपारी जेवताना तोच विषय निघाला. प्रेबेनमामा, म्हणजे आस्गरचे बाबा, खुशीत होते. "नव्वदचं ॲव्हरेज! पाचशे सीसीची गाडी! अशी यंत्रं आता बनत नाहीत!"

"कंपनीच्या पुस्तकात पंचवीस लिहिलंय, मामा," सिग्ने म्हणाली.

"बघ! कंपनीलाही माहीत नव्हतं!"

आजोबा बटाटा सोलत राहिले. त्यांनीच तिला शिकवले होते, की छापील आकडा बंद खोलीत काढलेला असतो. तिथे वारा नसतो. खरी गाडी खऱ्या रस्त्यावर छापील आकड्याला हरवत नाही. मागच्या उन्हाळ्यात हीच गाडी बावीस देत होती. आज मात्र ते काहीच बोलले नाहीत. आजी गेल्यापासून ते कमीच बोलत.

जेवणानंतर ताटे पुसताना आईचा आणि मामांचा आवाज सिग्नेच्या कानावर आला.

"हिवाळ्यात बाबा इथे एकटेच राहणार, प्रेबेन. त्यांना आमच्याकडे न्यावं, नाहीतर आपण पाळीपाळीनं तरी यावं."

"हाने, तू उगाच काळजी करतेस. गुरुवारी वीस-पंचवीस मित्रांत बसतात ते! मला नाहीत एवढे मित्र."

"खरंच की," आई म्हणाली. तिचा आवाज हलका झाला. विषय मिटला.

सिग्नेच्या हातातली ताटली मात्र पुसून झाली तरी ती पुसतच राहिली. नव्वदचा आकडा खोटा असेल, तर ते वीस-पंचवीस मित्र कुठून खरे?

शेडमध्ये तिघांची बैठक बसली.

"कुणीतरी गुपचूप टाकीत पेट्रोल ओततंय!" विलुम म्हणाला. सिग्नेचा हा धाकटा भाऊ गुन्हेगाराशिवाय विचारच करू शकत नसे.

"चोर पेट्रोल नेतो, मूर्खा. आणून देत नाही," सिग्ने म्हणाली.

"मग उतारावर इंजिन बंद करत असतील!"

"इथे उतार दाखव एक," आस्गर म्हणाला. "घरापासून समुद्रापर्यंत सगळ्यात उंच वस्तू म्हणजे गाय!"

"जाताना वारा पाठीमागून, आणि येतानाही पाठीमागून?" विलुमने आणखी एक शक्यता काढली.

तिघेही हसले. मग सिग्ने म्हणाली, "सोपं आहे. गाडी नव्वद जातच नाही. एका लिटरमध्ये फार तर वीस-बावीस जाते. म्हणजे जाताना दहा, येताना दहा."

गाडीवरचा किलोमीटरचा काटा पाहून उपयोग नव्हता. त्याची केबल वसंतातच तुटली होती. सिग्नेने आजोबांचा नकाशा पसरला, कंपासचे टोक घरावर रोवले आणि दहा किलोमीटरचे वर्तुळ काढले. इथले रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. स्टेनहाउनचा रस्ता वर्तुळाला एकाच ठिकाणी छेदत होता.

"जुना फेरीबोटीचा धक्का," आस्गरने वाचले. "पूल झाल्यापासून तिथे कुणीच थांबत नाही!"

"म्हणजे अड्डा!" विलुम कुजबुजला.

पुढच्या गुरुवारी 'पोहायला जातो' असे सांगून तिघे लवकरच निघाले. वारा समोरून होता. सायकली पुढे जाण्यापेक्षा मागे येण्याच्या विचारात असल्यासारख्या चालत होत्या.

"मी मेलो!" विलुम ओरडला.

"मेलेला माणूस एवढा ओरडत नाही. चल!"

धक्क्यावर एक बंद टपरी होती. पाटीवरचे आइस्क्रीम उन्हाने पांढरे पडले होते. सायकली गवतात लोटून तिघे टपरीमागे लपले. बराच वेळ फक्त गवत सळसळत होते.

मग ओळखीचा आवाज आला. आजोबांनी गाडी डबल स्टँडवर लावली, हेल्मेट काढले आणि ते बाकावर बसले. अगदी एका कडेला, दुसऱ्यासाठी जागा ठेवून. थर्मास उघडून त्यांनी दोन कप भरले. एक स्वतः घेतला. दुसरा शेजारी ठेवला. ते पाण्याकडे बघत नव्हते. पलीकडच्या गावाकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत होते. त्या रस्त्यावर कुणीही नव्हते.

शेजारच्या कपातली वाफ हळूहळू विरली. आजोबांनी ती कॉफी गवतात ओतली, कप पुसला, पण ते उठले नाहीत.

"हॅक् छी!" विलुम शिंकला.

आता लपण्यात अर्थ नव्हता. तिघे बाहेर आले.

"पोहायला आलात वाटतं?" आजोबा म्हणाले.

"आजोबा, तो कप कुणाचा?" सिग्नेने विचारले.

"ओवेचा. तो त्या रस्त्याने यायचा, मी या. इथे कॉफी घेऊन आम्ही पुढे स्टेनहाउनला जायचो." त्यांनी पुसलेला कप थर्मासशेजारी ठेवला. "मार्चमध्ये गेला तो. पुढचा रस्ता मी एकट्यानं कधी केलाच नाही. इथपर्यंत येतो. मग गाडीच वळते."

"आणि स्टेनहाउनचे बाकीचे?"

"बाकीचे कधीच संपले. शेवटी आम्ही दोघंच उरलो होतो."

"मग मामांना का नाही सांगितलंत?"

"प्रेबेन फोनवर विचारतो, 'मजा आली?' मी म्हणतो, 'वारा होता.' पुढचं ऐकायला त्याला सवड नसते. थोडा वेळ इथे बसून घरी जातो, म्हणजे कुणाला चिंता नाही." त्यांनी थर्मासचे झाकण लावले. "तुम्हीही सांगायचं नाही. माझ्या मुलांनी माझी कीव केलेली मला चालणार नाही. वचन द्या."

तिघांनी वचन दिले. परतताना वारा पाठीमागून होता, तरी सायकली जड वाटत होत्या.

"झालं! वचन दिलं," विलुम म्हणाला. "आता हिवाळाभर आजोबा एकटे."

"आपण बोलायचं नाही," सिग्ने सावकाश म्हणाली. "पण पेट्रोलनं कुठे वचन दिलंय?"

शनिवारी सकाळी आस्गरने सुरुवात केली. "बाबा, तुमच्या हातात त्या गाडीला नव्वद पडणार नाही. पैज!"

"का नाही पडणार?"

"तुम्ही आजोबांपेक्षा जाड आहात."

"जाड? मी? आत्ता स्टेनहाउनला जाऊन येतो! बाबा, नेऊ ना गाडी?"

आजोबांनी मुलांकडे एकदा रोखून पाहिले. मग किल्ली पुढे केली. टाकी शुक्रवारीच काठोकाठ भरली होती.

दुपारी मामा पंपावर आले तेव्हा तिघे तिथेच उभे होते. मामांनी गाडी डबल स्टँडवर लावून नोझल आत घातले. एक लिटर. मामा हसत होते. दोन. "वारा होता जरा." तीन. हसू गेले. चार लिटर उलटून गेल्यावर पंप खट् करून थांबला.

"एकवीसचं ॲव्हरेज," सिग्ने म्हणाली. "बरोबर आहे, मामा. पुस्तकापेक्षा थोडं कमी."

"मग बाबांना नव्वद कसं..." मामांनी वाक्य सोडून दिले. ते आकड्याकडे बघत राहिले. "एका लिटरमध्ये जेमतेम वीस. म्हणजे दहावरून परत. दहावर तर जुन्या धक्क्याशिवाय काहीच नाही." मग अगदी हळू म्हणाले, "स्टेनहाउनलाही कुणी नव्हतं. मासळीवाला म्हणाला, दोन म्हातारे सोडले तर मोटरसायकलवाले येऊन कैक वर्षं झाली, आणि तेही मार्चपासून दिसले नाहीत. मला वाटलं, चेष्टा करतोय."

तिघांपैकी कुणीही तोंड उघडले नाही. विलुमने तर दोन्ही हातांनी झाकून घेतले होते.

त्या गुरुवारी आजोबा धक्क्यावर पोहोचले, तेव्हा बाकावर मामा बसले होते. कडेला, जागा ठेवून. शेजारी कॉफीचा कप होता. मागे मोटारीत आई आणि मुले होती.

"उशीर केलात, बाबा," मामा म्हणाले. "मी तुम्हाला कधी पुढचं विचारलंच नाही."

आजोबांनी हेल्मेट काढले. मग ते बसले आणि त्यांनी कप उचलला. हिवाळ्यात पाळीपाळीने यायचे, एक गुरुवार आईचा आणि एक मामांचा, हे तिथेच ठरले. "कीव म्हणून नाही," आई म्हणाली. "आम्हालाही माणसं हवीत."

सिग्नेने आजीचे हेल्मेट घातले आणि ती आजोबांच्या मागे बसली. घराकडे वळायची जागा आली. गाडी वळली नाही. सरळ पुढे गेली.

शुक्रवारी पंपाने साडेचार लिटर मोजले.

"एवाल्ड!" गुद्रुनबाई दारातून ओरडल्या. "गाडी बिघडली की काय तुझी?"

"वीसचं ॲव्हरेज," आजोबा म्हणाले. "दोन माणसं आणि समोरून वारा. उत्तम आहे." मग ते खाली वाकून मुलांना म्हणाले, "वचन पाळलंत. पण माझ्या नकाशावर, बरोब्बर घराच्या जागी, कंपासचं भोक आहे. वर्तुळ सुबक काढलंय. शाबास! पुढच्या वेळी पेन्सिलीला टोक करून घ्या."