अडतीस वर्षांचं हृदय

चंद्रावरच्या नीरा तळावर प्रयोगशाळेच्या दारातच फलक होता. तळावरच्या सहाही जणांचं हृदयवय त्यावर रोज सकाळी झळकायचं. अवंती नाईकवडेनं आजही स्वतःच्या आधी शाल्मलीचा आकडा पाहिला. अडतीस! आणि अवंतीच्या नावापुढे छप्पन. दोघी पंचेचाळिशीच्या. आता सांगा, कोणाचं पित्त खवळणार नाही?

मंगळयानात वनस्पतिशास्त्रज्ञाची एकच जागा होती आणि तळावर वनस्पतिशास्त्रज्ञ दोन, या दोघी. जिचं हृदय तरुण, ती जाणार. निवड शुक्रवारी होती.

"डॉक्टर, माझी मनगटावरची स्पंदपट्टी बिघडलीय," अवंती डॉ. पिंपळखरेंना म्हणाली.

"पट्टीला काय धाड भरलीय?" डॉक्टर हसले. "ठोक्याची लाट रक्तवाहिन्यांतून किती वेगानं धावते, एवढंच ती मोजते. वाहिन्या ताठर झाल्या की लाट जोरात धावते, आणि हृदयाचं वय वाढलेलं दिसतं. इथे वजन सहावा हिस्सा, त्यामुळे हृदयाला फुकटची विश्रांती मिळते आणि ते सुस्तावतं. रोज चालायचं, मीठ कमी खायचं, वेळेवर झोपायचं. आठ महिन्यांत आकडा हलतोच."

"अहो, दोन दोन तास चालपट्ट्यावर असते मी! पापड सोडला, लोणचं सोडलं, दहाला आडवी होते. आणि ती बया लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन मालिका बघते. चार पायऱ्या चढली की धापा टाकते. तरी तिचे अडतीस?"

"धापा टाकते?" डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. पण तेवढ्यात त्यांना कोणीतरी हाक मारली आणि ते गेले.

अवंतीचा जळफळाट काही थांबेना. लहानपणापासून मंगळाची स्वप्नं पाहिली ती काय हिला निरोप द्यायला?

बुधवार हा आंघोळीचा वार. त्या दिवशी सगळ्यांच्या पट्ट्या निर्जंतुक पेटीत जायच्या. आत नाव कायमचं नोंदलेलं असलं तरी बाहेरून सगळ्या पट्ट्या सारख्याच. म्हणून प्रवासात बॅगेला बांधतात तसा प्रत्येकानं आपापल्या पट्टीला रंगीत दोरा बांधला होता. अवंतीचा हिरवा, शाल्मलीचा गुलाबी. अवंतीनं इकडेतिकडे पाहिलं आणि दोरे अदलाबदल केले. मनात कसं गारेगार वाटलं.

गुरुवारी सकाळी फलकावर अवंती अडतीस, शाल्मली छप्पन!

तासाभरात डॉक्टरांनी दोघींना बोलावलं. "एका दिवसात अठरा वर्षं? कोणाला वेड्यात काढताय? दोघींनी या प्रतिमायंत्रात झोपायचं. हे हृदयाचं वय थेट मोजतं, याला पट्टीबिट्टी लागत नाही."

शाल्मलीचा चेहरा पांढराफटक पडला. तो पाहून अवंतीला स्वतःचीच लाज वाटली.

"मी बदलले दोरे," ती म्हणून गेली. "छप्पन माझेच आहेत. हिच्यावर जळत होते मी, आठ महिने."

डॉक्टरांनी तिला यंत्रात झोपवलं, पडद्यावरचा आकडा पाहिला आणि पुन्हा मोजणी केली.

"अडतीस," ते म्हणाले. "अवंती, हे हृदय तुमचंच आहे. म्हणजे तुम्ही काल बदललेत, ते आधीच कोणीतरी बदललेलं होतं."

शाल्मलीनं आपली पट्टी काढून डॉक्टरांपुढे ठेवली. "मीच बदलले दोरे, मागच्या दिवाळीत," ती म्हणाली. "तुझे चव्वेचाळीस होते, माझे सत्तेचाळीस. तीन वर्षांच्या फरकानं मंगळ हुकणार म्हणून जीव जळला माझा. मग तुझ्या नावापुढे माझा आकडा चढायला लागला, तशी तू आणखी चालायला लागलीस. इकडे जो तो माझी पाठ थोपटायचा गं! हळूहळू मलाच ते खरं वाटायला लागलं."

अवंतीला हसावं की हिच्या दोन थोबाडीत द्याव्यात, कळेना. आठ महिने ती स्वतःच्याच हृदयावर जळत होती.

"तुमचे उपचार आजपासून," डॉक्टर शाल्मलीला म्हणाले. "आणि पट्टीशी खेळ करणारा निवडीतून बाद, हा नियम आहे. दोघीही बाद."

"पण मी कबूल केलं ना!" अवंतीचा आवाज चिरकला.

"केलंत. पण उद्या निवडीआधी सहाही जणांची याच यंत्रात तपासणी व्हायची होती. निव्वळ पट्टीच्या भरवशावर मंगळावर कोण पाठवेल?"

"म्हणजे मी काहीच केलं नसतं तर..."

"तर तुम्ही गेला असतात," डॉक्टर म्हणाले.