लेकरू तुह्यावर

‘आहो वं बाई, आहो. बस तू निवांत.’

लहानपणातलं बाकी सगळं विटून गेलं, हा आवाज तेवढा मंजूच्या कानात कोरा राहिला. गावच्या बोडीची पार, म्हणजे तिचा मातीचा बांध, पारीखाली बेशरमाची झुडपं, झुडपांआड उकिडवी बसलेली इवलीशी मंजू अन् पलीकडं पाठ करून उभी असलेली माय. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहानसं तळं, मंजूच्या पणज्यानं खणलेलं. अन् गावात रीतच होती. लेकरू उघड्यावर बसलं की कोणी तरी बाई पाठमोरी उभी राहायची आणि लेकराच्या हाकेला ओ द्यायची. ‘माय, आहेस?’ ‘आहो.’ वळून पाहायचं नाही आणि हाक रिकामी जाऊ द्यायची नाही. मधेच काम निघालं तर दुसरीला ‘लेकरू तुह्यावर’ म्हणायचं. ती ‘हाव’ म्हणाली की मगच पाय उचलायचा.

मंजूची माय गंगाबाई बोलायला तिखट. दिवसभर धानाच्या रोवणीत वाकायची, रात्री खेकसायची. पण पारीवर उभी राहिली की तिचा आवाज दुधावरच्या सायीसारखा मऊ व्हायचा. कधी गुणगुणायचीसुद्धा. त्यातली एकच ओळ मंजूला पुढं आठवत राहिली, ‘बस बाई निवांत, पाणी निजलं खोल’. तेवढ्या एका ओळीवर मंजूनं मायचा सगळा कडूपणा माफ केला होता. सासरी कोणी मायबद्दल काही बोललं की ती म्हणायची, तुम्ही तिला पारीवर नाही ऐकलं.

ती बोडी आता नव्हती. गाळानं भरली, चुलत्यांनी विकली, आणि कोहमाऱ्याच्या अलीकडं हायवेला लागून तिथं वॉटर पार्क झाला. निळ्या-पिवळ्या घसरगुंड्या, लाटांचा हौद, सोंडेतून पाणी उडवणारा प्लास्टिकचा हत्ती. उन्हाळ्याच्या सुट्टीत गोंदियातली अर्धी पोरं तिथं. मंजूची दोघं, सात वर्षांची रुची आणि चार वर्षांचा टिंकू, महिनाभर त्याच नावाचा जप करत होती.

मंजूला धास्ती एकाच गोष्टीची. टिंकू बाहेर कुठं संडासाला बसायचाच नाही. दाराबाहेर मंजू उभी हवी, त्यानं ‘मम्मी, आहेस?’ म्हटलं की तिनं ‘आहो रे राजा’ म्हणायला हवं. ती सवय तिनंच लावली होती, मोठ्या मायेनं. मध्ये एकदा लग्नघरात त्यानं दिवसभर रोखून धरलं आणि रात्री तापानं फणफणला. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा असं होऊ देऊ नका. बापाबरोबर पुरुषांच्या बाजूला तो जायचा नाही, तिथं दार नसतं म्हणायचा. आणि टिंकूला लागली की नेमकी रुचीलाही लागणार. म्हणून तिनं मायला गळ घातली. एक बाई जास्तीची असली म्हणजे दोन दारं सांभाळता येतील. गंगाबाई आधी नाही म्हणाली, पुन्हा नाही म्हणाली, आणि निघायच्या दिवशी न बोलता पिशवी घेऊन गाडीत बसली.

पार्कात शिरल्या शिरल्या मंजूनं आधी संडास कुठं आहेत ते पाहिलं. नवरा योगराज राइस मिलमध्ये सुपरवायझर, थट्टेखोर माणूस. तो म्हणाला, ‘लोक झूला पाहतात, आमची मॅडम संडास पाहते. तिकिटावर लिहून दे, हमको सिर्फ बाथरूम दिखाओ.’ रुची खिदळली. गंगाबाई हसली नाही. ती पार्काच्या मागच्या टोकाकडं बघत होती. तिथं जुनं अर्जुनाचं झाड एकटं राहिलं होतं आणि त्याच्या खाली, थोड्या उंचवट्यावर, बायकांच्या संडासांची लांबलचक रांग होती. मंजूच्या ध्यानात आलं, तो उंचवटा म्हणजे बोडीची पार. तिला उलट बरंच वाटलं. माहेरच्या अंगणात आल्यासारखं.

पहिल्या खेपेला सगळं सुरळीत झालं. भाड्यानं मिळालेली नायलॉनची चड्डी ओली झाली की अंगाला चिकटायची, नाडीची गाठ फुगायची. मंजूनं ती दातांनी सोडली, टिंकूला आत बसवलं आणि दार पायानं धरून उभी राहिली. आतून हाक आली, ‘मम्मी, आहेस?’

‘आहो रे राजा,’ ती म्हणाली. पण तिला वाटलं, तिच्या तोंडून शब्द निघायच्या आधीच तो आत वाजला. टाइल्स लावलेली कोरी खोली, घुमणारच. तिनं ते तिथंच सोडलं.

दुसऱ्या खेपेला ती शेजारच्या दारात रुचीचा पोशाख उतरवत होती. टिंकूला तिनं थांब म्हटलं होतं, तो थांबला नाही, आत गेला. रुचीची चेन अडकली. ती सोडवेपर्यंत बराच वेळ गेला, आणि टिंकूनं एकदाही हाक मारल्याचं तिला ऐकू आलं नाही. घाबरून ती वळली तर पोरगं हात धुऊन बाहेर उभं. नाडी बांधलेली, व्यवस्थित, चपटी गाठ.

‘कोणी बांधून दिलं रे?’

‘तूच,’ टिंकू म्हणाला, आणि हत्तीकडं पळाला.

एखाद्या भल्या बाईनं बांधून दिली असेल. रांगेत बायका काय थोड्या होत्या? लेकरू पाहिलं की बायकांचे हात आपोआप पुढं होतात. मंजूनं मनाची अशी समजूत घातली, पण जेवताना तिचं लक्ष मायकडं गेलं. गंगाबाईला साखरेचा आजार. घरी तासातासाला उठणारी बाई सकाळपासून एकदाही गेली नव्हती. पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ओठांवर पापुद्रे आले होते.

‘माय, जाऊन ये ना. मी येतो संगं.’

‘नाई लागली मले.’

‘काऊन नाई लागली? सकाळपासून बसून आहेस.’

‘नाई म्हटलं ना एकडाव,’ गंगाबाई म्हणाली आणि डब्याचं झाकण उगाच घट्ट करत राहिली.

ऊन कलताना रुचीच्या पोटात कळ आली. हौदाचं पाणी गिळलं असणार. तिला मळमळत होतं, आणि त्याच वेळी टिंकूही पाय आवळून नाचायला लागला. योगराज लॉकरमधलं सामान आणायला गेला होता. मंजूनं एका काखेत रुचीला धरलं, दुसऱ्या हातानं टिंकूला ओढलं आणि मायला जवळजवळ फरफटतच रांगेपर्यंत आणलं. गंगाबाई पहिल्या दाराशी थबकली. तिचा चेहरा उतरला होता. मंजूला तेव्हा राग आला, भीती नाही. नातवासाठी एवढंही होऊ नये?

‘इथंच उभी राय. त्यानं हाक मारली की हो म्हण. बस, इतकंच.’ आणि मग, किती वर्षांनी कोणास ठाऊक, तिच्या तोंडून ते आपसूक निघालं, ‘लेकरू तुह्यावर.’

गंगाबाई तिच्याकडं बघत राहिली.

‘हाव म्हण ना, माय.’

‘हाव,’ गंगाबाई म्हणाली.

पलीकडच्या टोकाच्या खोलीत रुची ओकली. मंजूनं तिचं कपाळ धरलं, तोंड धुवून दिलं, पाठ चोळली. बाहेर येऊन पाहते तर रांग मोकळी झालेली. संध्याकाळच्या शिट्ट्या सुरू होत्या, बायका पोरं गोळा करून गेटकडं निघाल्या होत्या. फरशीवर पाण्याचे ओघळ. पहिल्या दाराशी कोणी नव्हतं.

आतून टिंकूचा आवाज आला. ‘आहेस?’

‘आहो रे राजा, आहो. बस तू निवांत.’

मंजूच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. माय आतच गेली तर. आणि तो आवाज! सायीसारखा. इतक्या वर्षांत मायनं तो कधी काढला नव्हता, लग्नात नाही, बाळंतपणात नाही. मंजूचे डोळे भरून आले. ती दारापाशी उभी राहून ऐकू लागली.

‘बस राजा निवांत, पाणी निजलं खोल,’ आतला आवाज गुणगुणला. आणि मंजूला कधीच न आठवलेली दुसरी ओळ आली.

‘माय उभी पाठमोरी, तिच्या पदराले ओल.’

रुचीनं तिचा कुर्ता ओढला. ‘मम्मी, आजी तिकडं काय करते?’

रांगेच्या टोकाला भिंत संपत होती. तिथून अर्जुनाचं झाड दिसायचं.

झाडाखाली, बाकावर, गंगाबाई बसली होती. दोन्ही कानांवर हात ठेवून.

मंजूनं दार लोटलं. कडी नव्हती लावलेली.

टिंकू एकटा होता.

नाडी बांधलेली. दिवसभर ओली असलेली चड्डी खडखडीत कोरडी. खोलीभर गाळाचा वास, धानाच्या बांधीत पाणी आटल्यावर येतो तसा.

‘चल, राजा.’

टिंकूनं तिच्याकडं पाहिलं. अनोळखी बाईकडं पाहावं तसं, भिऊन नाही, नुसतंच.

तिनं त्याला उचलून घेतलं. तो जड लागला.

बाकापाशी येईपर्यंत तिच्या छातीत भीतीही होती आणि संतापही. तिनं मायला विचारलं, कायले सोडून आलीस त्याला? गंगाबाईनं कानांवरचे हात काढले आणि पदर सारखा केला. मंजूनं पुन्हा विचारलं. मग हळू आवाजात, जे विचारायला नको होतं ते विचारलं.

‘पारीवर तूच उभी राहत होतीस ना, माय?’

मग गंगाबाई जमिनीकडं बघत बोलली. रोवणीचे दिवस, मुकादम बांधावर उभा, लेकराला घेऊन पारीवर जायला कोण सोडणार होतं? ती मंजूला एकटीच पाठवायची. मंजू परत यायची ती हसत, हातपाय धुतलेले, परकराची नाडी बांधलेली. म्हणायची, माय, तू किती छान गाणं म्हणतेस. ती मी नव्हे, हे गंगाबाईनं पहिल्यांदा सांगितलं नाही, आणि मग सांगायचं राहूनच गेलं. ‘तू मले त्यापायी जीव लावत होतीस,’ ती म्हणाली. ‘मी कायले नाई म्हणू?’

मंजूला वाटलं, कोणी तरी आतून आपलं घर धुऊन नेलं. भिंती तेवढ्या उभ्या. इतकी वर्षं जिच्यासाठी ती मायची बाजू घेऊन भांडली, ती माय कधी नव्हतीच. आणि हे या बाईला ठाऊक होतं. रोज ठाऊक होतं. ठाऊक असून ती लेकराला त्या झुडपांआड पाठवत राहिली, आणि घरी आल्यावर दुसऱ्याची माया आपल्या पदरात पाडून घेत राहिली.

‘तू कधी पाहायला बी नाई आलीस?’

‘आली होती. एकडाव.’

‘मंग?’

तेवढ्यात मंजूच्या खांद्यावर मान टाकून पडलेला टिंकू हलला. त्याचे डोळे मिटलेले होते. कोणी हाक मारली नव्हती. आसपास कोणी नव्हतंच. संडासांच्या रांगेतले दिवे एकेक करून विझत होते.

‘आहो,’ टिंकू स्पष्ट म्हणाला.

थोड्या वेळानं पुन्हा, समजूत घातल्यासारखं, ‘आहो ना. इथंच आहो.’

मंजूनं त्याला हलवलं, नावानं हाक मारली, पुन्हा मारली. त्या हाकेला त्यानं ओ दिली नाही.

गंगाबाईनं पोराकडं पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचा ताण एकदम सैल पडला. पुष्कळ दिवसांचं धरून ठेवलेलं सुटावं तसा.

‘वळली नाई ती पारीवरची बाई,’ गंगाबाई म्हणाली. ‘पाठमोरीच उभी होती. मले म्हणे, लेकरू माह्यावर सोडतेस काय?’

‘अन् तू?’

‘हाव म्हटलं, मंजू. कामावर जायचं होतं मले.’ तिनं टिंकूच्या पायाला हात लावायला पुढं केला आणि अर्ध्यातच मागं घेतला. ‘मंगाशी दारापाशी तिनं पुन्हा विचारलं. मंगाशी बी हावच म्हटलं.’