व्हिसाच्या फोटोतली मधुरिमा

"ही कोण आहे?"

मधुरिमानं काउंटरवर फोटो आपटला, तेव्हा जयेश दिघे कुणाच्या तरी आधार कार्डाचं लॅमिनेशन करत होता. त्यानं मान वर केली. समोर एक मुलगी. पाठीवर सॅक, पावसानं कपाळाला चिकटलेले केस, आणि डोळे... ते डोळे बघून त्यानं आधी मशीन बंद केलं.

"तुम्हीच आहात, मॅडम. मागच्या महिन्यात आला होतात ना? पोर्तुगाल, व्हिसा साइज."

"नीट बघा."

त्यानं फोटो बघितला. मग तिच्याकडे बघितलं. पुन्हा फोटोकडे... आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला. मधुरिमाच्या हनुवटीपासून डाव्या गालापर्यंत बोटभर लांबीचा एक व्रण होता. फोटोत तो नव्हता. फोटोतली हनुवटी नव्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती.

"मी... साफ केला," तो म्हणाला.

"साफ?" तिचा आवाज इतका चढला की कृष्णपुऱ्याच्या त्या गल्लीतून जाणारे दोघेजण थबकले. "ती काय धूळ होती? रात्रभर रेल्वेत बसून मुंबईला गेले मी. व्हिसाच्या काउंटरवरची बाई पासपोर्ट बघते, हा फोटो बघते, मला बघते, आणि सगळ्या रांगेसमोर म्हणते, 'एडिट केलेला फोटो चालत नाही.' तिथलं फोटोचं मशीन नेमकं बंद. आता पुढची अपॉइंटमेंट अकरा दिवसांनी! कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोणीच नाही. मतलब... सगळे सांगतात ना. डाग काढा, रंग उजळ करा. हात आपोआप चालतो."

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"नाही विचारलं." त्यानं एकदाही नजर चुकवली नाही. "गलती माझी आहे. पूर्ण माझी. आत्ता नवीन काढतो. पैसे नकोत."

"फुकट नकोय मला! माझा चेहरा हवाय, जसा आहे तसा."

सबबींना उत्तरं ती येतानाच तयार करून आली होती. एकही वापरायला मिळालं नाही, त्याचाही तिला राग आला.

मधुरिमा फणसे शहराबाहेरच्या राऊमधल्या एका कॉलेजात गणित शिकवायची. वय एकोणतीस. तिच्या आयुष्यात गेली दीड वर्षं एकच विषय होता: पोर्तुगालच्या समुद्रकाठची पायवाट. तेरा दिवस, दोनशेहून जास्त किलोमीटर, पाठीवर सामान, आणि एकटी. कुठल्या गावात कुठली खोली, कुठल्या टप्प्यावर पाणी नाही, गुडघ्याच्या गोळ्यांची चिठ्ठी कोणत्या कप्प्यात, विमा कितीचा, हे सगळं तिनं स्वतः शोधून काढलं होतं. दहा वर्षांपूर्वी बेटम्याच्या रस्त्यावर एका ट्रकनं तिची स्कूटर उडवली होती. उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. दोन वर्षं काठी. "घरातल्या घरात फिरली तरी खूप झालं," असं डॉक्टर वडिलांना म्हणाले होते, आणि ते तिनं पडद्यामागून ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती चालत होती.

हे सगळं जयेशला कळलं ते पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर. कारण फोटो काही केल्या जमेना.

"चेहरा न्यूट्रल पाहिजे, मॅडम."

"हाच माझा न्यूट्रल आहे."

"यात तुम्ही मला मारायला निघालाय असं वाटतंय."

"निघालेच आहे."

तो हसला नाही. हसला असता तर ती उठून गेली असती. त्यानं कॅमेरा खाली केला आणि शांतपणे विचारलं, "पोर्तुगालला काय आहे?"

ती सांगू लागली, आधी तुटक, मग भराभर. खडकांवर घरटी करणारे करकोचे, वाळूतली वाट, उजव्या गुडघ्याला लावायचा पट्टा, रोज किती तास... मध्येच तिचं लक्ष गेलं. तो कॅमेऱ्यातून बघतच नव्हता. नुसता ऐकत होता. दिवा जरा सरकवावा म्हणून तो जवळ आला, तेव्हा त्याची नजर तिच्या हनुवटीवर क्षणभर थांबली. कीव नाही, उत्सुकताही नाही... पुस्तकातली ओळ वाचावी तशी.

"आता," तो हळूच म्हणाला, आणि बटण दाबलं.

फोटो उत्तम आला. व्रणासकट.

तिच्या व्हिसाच्या कागदांची फाइल आवरून देताना त्यानं वरचे दोन कागद पाहिले आणि चाचरत म्हणाला, "एक सांगू? रागावू नका. पासपोर्टवर फणसेचं स्पेलिंग पी-एचनं आहे. विम्यावर एफनं आहे."

मधुरिमानं कागद हिसकावले. तो खरं बोलत होता! दीड वर्ष, तीस वेळा तपासलेली फाइल!

"आता माझ्या कागदांतही डोकं घालणार का तुम्ही?"

"दिवसभर लोकांचे फॉर्मच बघतो ना मी," तो म्हणाला. "सवय आहे. ही मात्र चांगली सवय आहे, कसम से."

तिला हसू येत होतं. तिनं ते गल्लीच्या टोकापर्यंत दाबून धरलं.

अपॉइंटमेंट पार पडली. मुंबईहून परतताना तिनं कळवलं, 'फोटो चालला. विमाही दुरुस्त.' लगेच उत्तर आलं, 'रविवारी सॅक घेऊन राऊला चालत जाता म्हणालात. मी आलो तर चालेल?'

तिनं लिहिलं, 'चालेल नाही, चालावं लागेल. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर.'

रविवारी पहाटे सुदामा नगरच्या कोपऱ्यावर तो हजर होता. नवेकोरे पांढरे बूट घालून.

"हे कधी घेतले?"

"काल."

"नवे बूट घालून अठरा किलोमीटर? अहो, बूट आधी महिनाभर मुरवावे लागतात! प्रवासाच्या तयारीतला पहिला धडा आहे हा."

"मला कुठं पोर्तुगालला जायचंय? राऊपर्यंत तर जायचंय."

राऊ येईपर्यंत तो लंगडत होता. टपरीवर वाफाळते पोहे आले, वर शेव, जिरावण मसाला, बाजूला जिलबी. मधुरिमानं सॅकमधून पट्टी काढली आणि त्याच्यासमोर धरली. "टाच दाखवा."

"नको हो, मी लावतो..."

"दाखवा म्हटलं ना!"

तिनं पट्टी लावली. त्यानं आकाशाकडे पाहिलं, पोह्यांकडे पाहिलं, आणि शेवटी तिच्याकडे. भुरभुर पाऊस पडत होता. पोहेवाला म्हणाला, "भिया, जिलबी गार होतेय." दोघांनी एकदम हात पुढे केला, बोटांना बोटं लागली. जिलबी गार होऊ दिली दोघांनी.

समोरच्या भाजीवाल्याकडच्या काट्यावर त्यानं तिची सॅक ठेवली. नऊ किलो सातशे.

"सात हवं म्हणाला होतात."

"सातच होतं! आईनं काहीतरी कोंबलंय." तिनं सॅक उघडली. थालीपिठाची भाजणी, दोन बरण्या लोणचं, आणि तळाशी साडी. "साडी? मी डोंगरकड्यावर साडी नेसू?"

"एखादा करकोचा लग्नाला बोलावेल."

त्या रविवारी ती पहिल्यांदा मोकळी हसली. आणखी तीन रविवार गेले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. व्हिसा आला, ते तिनं घरी सांगण्याआधी त्याला सांगितलं.

घरी आनंद नव्हताच. वडील, प्रतापराव, तिकिटं काढल्यापासून तिच्याशी मोजकंच बोलत होते. 'एकटी पोरगी, परका मुलूख' यापुढे त्यांचं वाक्य जात नसे. आई, मंगलाताई, बोलत काही नसत, पण काहीतरी ठरवत असत. निघायला आठवडा उरला असताना ते काहीतरी घरी आलं. सरलामावशीनं आणलेलं स्थळ, मुलगा, त्याची आई, आणि समोशांची परात.

मुलाच्या आईनं मधुरिमाकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "फोटोत तर असं काही नव्हतं! आम्हाला आधी सांगायला हवं होतंत ना."

मोबाइलवर तोच गुळगुळीत हनुवटीचा फोटो होता.

"कुठून आला हा?" मधुरिमानं विचारलं.

"स्टुडिओचाच आहे," आई खाली बघत पुटपुटली.

पुढचं ऐकायला मधुरिमा थांबलीच नाही. वीस मिनिटांत ती कृष्णपुऱ्यात होती.

"आईला दिलास तू तो फोटो? लग्नासाठी? इतके रविवार माझ्याबरोबर चाललास, आणि मागून त्यांना तो... ती बाई सगळ्यांसमोर काय बोलली, माहीत आहे?"

जयेश उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण या वेळी ओशाळून नव्हे.

"तुझी आई आली होती. मोठी प्रिंट मागत होती. मी नाही म्हणालो. तू पहिल्यांदा आलीस त्याच दिवशी ती फाइल मी पुसून टाकली, हेही सांगितलं त्यांना." त्यानं हातातला कॅमेरा टेबलावर ठेवला. "मी एकदा चुकलो, मधुरिमा. कबूल केलं. पण आज तू आल्या आल्या मला गुन्हेगार ठरवलंस. विचारलंससुद्धा नाही. जा आता. माझं गिऱ्हाईक थांबलंय."

बाकावर खरंच एक आजोबा पेन्शनच्या फोटोसाठी केस विंचरून बसले होते. मधुरिमा बाहेर पडली.

घरी आई स्वयंपाकघरात होती. समोसे तसेच पडले होते.

"कपाटात चार फोटो उरले होते," आईनं विचारायच्या आधीच सांगितलं. "मोबाइलनं काढला मी. वाटलं, कुठं जमलं तर तू थांबशील. जाणार नाहीस."

"आई, मी तुला अशी नकोय का?"

"अशीच हवीयेस गं!" मंगलाताईंचा आवाज फुटला. "तेव्हा अठरा दिवस हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसले होते मी. तू रस्ता ओलांडतेस तरी माझा जीव जातो. आणि तू निघालीस समुद्रापार, एकटी."

मधुरिमाला राग धरून ठेवायचा होता. तिनं प्रयत्न केला. जमलं नाही. आईच्या हातातलं फडकं घेऊन तिनं बाजूला ठेवलं आणि मग दोघी बराच वेळ जमिनीवर बसून, मोबाइलवर, तेरा दिवसांची तेरा गावं बघत राहिल्या. आईनं प्रत्येक खोलीच्या दाराची कडी कशी आहे ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेली, तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. जयेश बाहेरच्या काचेवरचं पाणी पुसत होता.

"मी चुकले," ती म्हणाली. "सरळ सांगतेय. मला नीट माफी मागता येत नाही."

"दिसतंय."

"अजून रागावला आहेस?"

"थोडा." तो काच पुसतच राहिला. "संध्याकाळपर्यंत राहील बहुतेक."

ती थांबली. पायरीवर उभी राहिली, मग बसली. बाजूला तो बसला, मध्ये एक वीत अंतर ठेवून. नदीच्या बाजूनं ओला वारा येत होता.

"सहा दिवसांनी जातेय मी," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"थांब म्हणत नाहीस?"

"नाही."

"का?"

"तू थांबली असतीस का?"

"नाही!"

"मग?"

"मग काय मग? तरी म्हणायला हवं होतंस ना तू!" ती उसळली. "दीड वर्ष मी या प्रवासाची तयारी केली. एकेक मोजा मोजला. आणि आता निघायच्या वेळी पाय जड झालेत माझे. हे काय आहे? कोणी करायला सांगितलं होतं तुला हे?"

"कोणीच नाही," जयेश म्हणाला. "माझंही तसंच झालंय... पण मला आवडतेस ती, जाणारी मधुरिमा. थांबलेलीचं काय करू मी?"

मग ते वीतभर अंतर तिनंच संपवलं आणि डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं. तसंच राहून, तक्रारीच्याच सुरात म्हणाली, "मलाही आवडतोस. फार."

विमानतळावर प्रतापराव स्वतः गाडी चालवत घेऊन आले, वाटेत एक शब्द न बोलता. आईनं घरूनच निरोप दिला होता, उंबऱ्यात हातावर दही घालून. दारापाशी जयेश उभा होता. त्यानं सॅक उचलून तिच्या पाठीवर चढवली, कमरेचा पट्टा नीट केला. प्रतापरावांच्या भुवया वर गेल्या.

"हे कोण?" त्यांनी विचारलं. आठवड्यातलं त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य.

मधुरिमानं दोघांकडे बघितलं. तिकीट आणि पासपोर्ट हातात धरून ती सुरक्षा रक्षकाच्या रांगेत शिरली आणि तिथूनच म्हणाली, "पपा, हा जयेश. परत आल्यावर याच्याशी लग्नाचं बोलायचंय. आत्ता वेळ नाही, चेक-इन बंद होईल."

"अगं पण...! ही काय पद्धत झाली?" प्रतापराव ओरडले. "असं सांगतात का? एवढी मोठी गोष्ट, आणि असं रस्त्यात उभं करून?"

पण ती आत गेली होती.

बोर्डिंग पास मिळेपर्यंत तिनं मागे बघितलं नाही. हिंमतच झाली नाही. मग बघितलं. काचेपलीकडे प्रतापराव अजून बोलत होते, हातवारे करत, लाल होऊन. दीड वर्षात बोलले नव्हते तेवढं एका दमात. जयेश हात मागे बांधून ऐकत होता, मान हलवत होता. मध्येच त्यानं काहीतरी विचारलं. प्रतापराव थांबले, दम घेतला, खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. मग त्यांनी जयेशच्या दंडाला धरलं आणि ढकलतच त्याला चहाच्या स्टॉलकडे नेलं.

मधुरिमानं सॅकचे पट्टे घट्ट केले आणि विमानाच्या दिशेनं चालू लागली.