दिवे लावल्यावर काळा पडणारा पडदा

“अक्का, मी खोटं बोलायलोय का, तेवढं शोधून द्या,” बंडेप्पा म्हणाले.

उमादेवींची टिपणं लिहिणाऱ्या अप्पारावांनी मान वर केली. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर उमादेवी मैलूरला खासगी तपास करत. पण स्वतःचीच चौकशी मागणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

चार दिवसांपूर्वी दिवेलागणीला बंडेप्पा अंगणात गाडी मागे घेत होते. ऐन वेळी मागच्या कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला. बहीण रुद्रम्मा धक्का लागून पडली, तिचा पाय मोडला. बंडेप्पांचा मुलगा किरणकुमार म्हणे, कॅमेरा ठीक आहे, वडिलांनाच दिसत नाही.

बंडेप्पांच्या अंगणात पिराजी थांबला होता; गाडीला कॅमेरा त्यानंच बसवला होता. “दुसऱ्या दिवशी भर दुपारी बघितलं, अक्का. चित्र साफ हुतं.”

“कुणी वायर कापली असेल,” अप्पाराव कुजबुजले.

“कापलेली वायर दुपारी जुळत नाही, अप्पाराव.”

गाडीची दारं उन्हानं विटलेली, मागची बाजू मात्र लखलखीत होती. “रंग कधी दिला?” उमादेवींनी विचारलं.

“महिना झाला. ओरखडा हुता,” किरणकुमार म्हणाला.

“कसला ओरखडा?” बंडेप्पांनी विचारलं.

उमादेवींनी बंडेप्पांना गाडीत बसवलं. “रिव्हर्स टाका.” चित्र आलं. “आता दिवे लावा, ब्रेक दाबा.”

पडदा काळा झाला. बंडेप्पांनी डोळे मिटून घेतले.

पिराजीनं मीटर लावला. “बॅटरीकडून येणारी वीज बारा व्होल्ट. पुरती हाय.”

“आता कॅमेऱ्याची काळी वायर आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यात बघ.”

“सहा? हितं तर शून्याजवळ पाहिजे.”

“वीज येते, पण परतीची वाट अडलीय,” उमादेवी म्हणाल्या. “कॅमेरा आणि मागचे दिवे एकाच बोल्टवरून पत्र्याला जोडलेत. रंगवताना बोल्ट काढला, पत्र्यावर रंग बसला. एकट्या कॅमेऱ्याचं कसंबसं भागतं. दिवे आणि ब्रेक लागले, की त्याच्या वाट्याला निम्मीच वीज उरते. पिराजीनं दुपारी दिवे लावलेच नाहीत.”

“आणि ओरखडा?” अप्पारावांनी विचारलं.

“वडिलांनी पाडला असता, तर किरणकुमारनं तेव्हाच घर डोक्यावर घेतलं असतं. त्यानं गुपचूप रंग दिला.”

किरणकुमारची मान खाली गेली. “व्हय. रिव्हर्स घेताना खांबाला घासली. मी मागं बघितलंच न्हाई.”

पिराजी पत्रा खरवडू लागला. बंडेप्पा सावकाश उतरले.

“मी बी न्हाई बघितलं,” ते म्हणाले. “पडदा काळा झाल्यावर थांबायला पाहिजे हुतं. चल, दोघं मिळून रुद्रम्माला सांगू.”