रांगोळीवरचा थेंब

“गार्गी, स्वस्तिक काढतेस की किल्ला बांधतेस?” कुशल ओरडला.

गार्गी डोळे फाडून बोनेटकडे बघत होती. ओल्या कुंकवाची पहिली रेघ तिनं आत्ता ओढली आणि दुसरी ओढेपर्यंत पहिली वाळून कडक! नोव्हेंबरची सकाळ होती. चिखलीत अजून कुणी स्वेटर उतरवले नव्हते. गाडी लिंबाच्या गार सावलीत उभी, आणि बोनेट मात्र तव्यासारखं तापलेलं!

“काका, ही गाडी आज चालवली का हो?”

“नाई वं बाई!” शेखरभाऊ गोड हसला. जुन्या गाड्या विकण्याचं ते आवार त्याचंच होतं. “काल सांजपासून जाग्यावरची हालली नाई. नवरीवानी सजून उभी आहे!”

खोटं! गार्गीच्या बोटाला बसलेला चटका काही उगाच नव्हता.

गाडी होती मोठी, पांढरी, सात जण बसतील अशी. चमक तर अशी की कुशलनं तिच्यात पाहून दोनदा भांग पाडला होता. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेला हा मामेभाऊ गाडीवर भाळलाच होता. पण गाडी हवी होती हिमानीसाठी. गार्गीची ही धाकटी बहीण पायाच्या ऑपरेशननंतर कुबड्या घेऊन चालायची. व्यायामाच्या उपचारासाठी तिला दर आठवड्याला अकोल्याला न्यावं लागे. एसटीच्या उंच पायऱ्यांवरून ती मागच्या महिन्यात पडली, तेव्हा आईनं ठरवलं की आता गाडीच घ्यायची. साठवलेले सगळे पैसे आईच्या मांडीवरच्या पिशवीत होते. ही गाडी बिघडली, तर दुसरी घ्यायला काहीच उरणार नव्हतं.

आणि बाबा, म्हणजे नीळकंठगुरुजी? त्यांनी मुहूर्तासाठी घरातली सगळी पंचांगं पालथी घातली होती. गाडी बघायला मात्र एकच चक्कर मारली होती, तीही शेखरभाऊनं आधीच चालू करून ठेवलेल्या गाडीतून!

गार्गीनं सगळ्यांना हिमानीच्या खुर्चीपाशी गोळा केलं आणि बोनेटचं सांगितलं. शेजारची शाहीन ताडकन म्हणाली, “हाव! माह्या मोठ्या भावाले, शाकिरभाईले, असंच फसवलं होतं! थंड इंजन चालू केलं की धूर दिसते ना, म्हनून गिऱ्हाईक यायच्या पहिलेच गरम करून ठेवतात. घरी आनली, अन् मंग आधी गॅस्केट, मंग टर्बो, मंग क्लच! गाडीच्या निम्मे पैसे गॅरेजात गेले, तवा तो गाडी पारखाले शिकला. अम्मी अजून टोमणे मारते त्याले!”

“मग तुमच्या बाबांना सांगू या की!” कुशल म्हणाला.

गार्गी धावतच बाबांकडे गेली. “बाबा, बोनेट गरम आहे! आधी कोणाले तरी दाखवू ना गाडी!”

“शुभ कामात असं बोलू नाई!” बाबा ताम्हन मांडत म्हणाले. “आज शुक्रवार. साडेदहाले राहुकाळ लागते. त्याच्या आत पूजा, पैसे, किल्ली, सगळं झालं पाह्यजे.”

“अन् राहुकाळ लागला तं?”

“तं मंग बारापर्यंत कशाले हात लावत नाई मी!”

गार्गीचे डोळे लकाकले. ती परत आली आणि कुजबुजली, “पूजा लांबवा! गाडी बारापर्यंत उभी राह्यली की गार होते. शाहीन, तू शाकिरभाईले घेऊन ये. पळ!”

“पण पूजा लांबवायची कशी?” कुशलनं विचारलं.

हिमानीनं हात लांबवला, ताटातला नारळ उचलला आणि शालीखाली लपवून साळसूद चेहऱ्यानं बसली.

मग जी शोधाशोध झाली! बाबांनी पिशव्या उपसल्या, आईनं डबे हलवले. कुशल तर इतकं मन लावून शोधत होता की त्यानं शेखरभाऊची खुर्चीही उलटी करून पाहिली! शेखरभाऊचा माणूस नवा नारळ घेऊन आला तोवर साडेदहा वाजून गेले होते.

“राहुकाळ!” बाबांनी हात जोडले. “आता बारानंतर.”

“असू द्या, गुरुजी,” शेखरभाऊ घाईनं म्हणाला. “तोवर गाडी जराशी चालू करून ठेवतो.”

“राहुकाळात किल्ली फिरवायची?” गार्गी कपाळाला हात लावून म्हणाली. “बाबा, चालते का हो हे?”

“बिलकुल नाई! द्या ती किल्ली इकडे!” आणि बाबांनी किल्ली थेट आपल्या पूजेच्या पेटीत ठेवली. शेखरभाऊचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं!

आता गार्गीनं रांगोळीचा डबा उचलला. गाडीपुढे कमळ काढता काढता ती सरकत पार बंपरखाली शिरली आणि इंजिनाखालच्या मुरमावर पांढरीशुभ्र रांगोळी पसरून बाहेर आली. मुरूम गळलेला थेंब पिऊन टाकतो, रांगोळी थोडीच लपवणार आहे!

तिघं वाट पाहत बसली. खुर्चीत बसल्या बसल्या हिमानीला गाडीच्या खालचं सगळं दिसत होतं. एकाएकी ती किंचाळली, “पडला! ताई, काळा थेंब पडला! अन् तो पाह्य, हिरवाबी!”

“ऑइल आणि कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी!” कुशल म्हणाला. गाडीत पाहून भांग पाडणं त्यानं त्याच क्षणी सोडलं.

बारा वाजता शाहीन शाकिरभाईला घेऊन आली. नमाजासाठी धुवट कुर्ता घातलेला शाकिर बाही सावरत म्हणाला, “गुरुजी, एक बार गाडी थंडीच चालू करून पाहा ना.”

बाबांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, कण्हली, पुन्हा खोकली आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला! शाकिरनं ती बंद करायला लावली आणि ऑइलचं झाकण उघडून बाबांपुढे धरलं. आतून दुधाळ तपकिरी चिकटा लागला होता.

“हे तं चहावानी दिसते!” बाबा म्हणाले.

“तेलात पानी चाललं, गुरुजी. ते दोन्ही अलग ठेवनारं गॅस्केट गेलं. इंजनाचं हेड उतरवा, घासा, बसवा, तीस-चाळीस हजार कोठी गेले नाई. हेड वाकलं असंल तं लाखाची गोठ. ह्या पोरीले घेऊन भर उन्हात रस्त्यावर बसले असते तुम्ही!”

बाबा सावकाश शेखरभाऊकडे वळले. “सांजपासून हालली नाई म्हनता?”

शेखरभाऊनं मान खाली घातली. “चुकलं, गुरुजी.”

आईनं पैशांची पिशवी छातीशी घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं गार्गीला जवळ ओढलं. “शाबास गं पोरींनो! अन् तू बी, कुशल!”

हिमानीनं शालीखालून हळूच नारळ काढला. “बाबा, हा घ्या. रागवाल?”

बाबांना हसू फुटलं, पण डोळे भरून आले होते. “मी मुहूर्त पाहत बसलो, बाप्पा. गाडी पाह्यली ती माह्या लेकरांनी!”

पंधरा दिवसांनी एका निवृत्त मास्तरांची जुनी गाडी त्यांच्या अंगणात आली. शाकिरनं ती तपासली होती. तरी बाबांनी स्वतःच्या हातांनी तिच्याखाली रांगोळी पसरली, गाडी रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी पंचांग मिटून कुबड्यांवर उभ्या असलेल्या लेकीला विचारलं, “बोला हिमानीबाई, मुहूर्त आहे का?”

हिमानीनं कुबड्या टेकवल्या, वाकून नीट पाहिलं आणि अंगण दणाणून टाकलं.

“कोरी! बाबा, रांगोळी एकदम कोरी! चला अकोल्याले!”