मेट्रनबाईंच्या जेवणाची जागा

त्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या जरा खाली, मास्कच्या तारेचे दोन लालसर वळ होते. मास्क काढल्यावर असे वळ अर्ध्या-पाऊण तासात विरतात. म्हणजे हा माणूस ऑपरेशन थिएटरमधून निघून, कुठेही न टेकता, थेट इथे आला होता... एका स्पॅनिश रेस्टॉरंटच्या बंद दाराशी, भर दुपारी, भुरभुर पावसात.

छत्री माझी होती. त्याने विचारलं नव्हतं, मी बोलावलं नव्हतं. पण त्याचा एक खांदा तिच्याखाली आला होता.

दार किलकिलं झालं. मी आतल्या वेटरला विचारलं, "वीस माणसांना एकाच वेळी वाढता येईल का? थोडं थोडं करून नाही. एकाच वेळी."

शेजारचा खांदा गर्रकन वळला.

"लॅब?"

"काय?"

"'लॅबमधून बोलतेय. लिहून घ्या.' तुम्हीच ना त्या?"

आता माझीही ट्यूब पेटली. आमच्या हॉस्पिटलात रक्ताचा रिपोर्ट चिंताजनक आला, की लॅबने थिएटरला फोन करायचा, आकडा सांगायचा, आणि पलीकडच्याने तो परत म्हणून दाखवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. पलीकडे बहुतेक वेळा भूल देणारे डॉक्टर असत. दमलेला, जरा बसका आवाज. त्या आवाजाला चेहरा असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

"तुम्ही एकदाही पहिल्या वेळेला नीट ऐकत नाही," मी म्हणाले. "नेहमी आपलं 'परत सांगा'."

"ऐकतो की," तो म्हणाला. "पहिल्यांदाच ऐकतो."

मग परत का सांगायला लावता, हे विचारायला हवं होतं. पण दार पूर्ण उघडलं आणि ते राहून गेलं.

आम्ही दोघं एकाच कामाला आलो होतो. आमच्या हॉस्पिटलातल्या नर्सेसच्या प्रमुख, मेट्रनबाई, त्या महिन्याअखेर निवृत्त होणार होत्या. "जन्मभर उभ्याने जेवले," त्या म्हणाल्या होत्या, "आता एकदा बसून जेवायचंय. शेफने स्वतः समोर आणून ठेवलेलं." कुठल्याशा मासिकात त्यांनी मातीच्या छोट्या छोट्या बश्यांतलं स्पॅनिश जेवण पाहिलं होतं, आणि तेच हवं होतं. जागा शोधायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. "तुझी जीभ चोख आहे गं," असं सांगून.

"माझीही जीभ चोख आहे म्हणाल्या," भूलवाले म्हणाले.

"बाईंनी दोघांनाही गंडवलं."

ती पहिली जागा आम्ही नाकारली. तिथली स्टुलं उंच होती आणि मेट्रनबाईंचे गुडघे दुखतात. कारण अगदी रास्त होतं.

पुढच्या बुधवारी दुसरी जागा पाहिली. तिथे शेफ फक्त भिंतीवरच्या फोटोत होते. हेही रास्तच. तिसऱ्या जागी मात्र अन्न उत्तम होतं, खुर्च्या बुटक्या होत्या, शेफ स्वतः येऊन बोलून गेले. बाहेर पडून आम्ही कोपऱ्यापर्यंत चालत आलो.

"मीठ जरा..." तो म्हणाला.

"आणि दार करकरतं," मी घाईने म्हणाले.

"करकरतं ना? मलाही वाटलं."

मी दिवसभर नमुन्यांवर निकाल देते. आहे किंवा नाही, वाढलं किंवा घटलं. तिथे माझा हात कधी अडखळत नाही. पण घरी परतल्यावर आई विचारते, "जेवायला काय करू गं?" आणि मी म्हणते, "काहीही." आई मग वैतागते. "काहीहीची भाजी मिळत नाही बाजारात!" तिचं खरं आहे. पण कित्येक वर्षं संध्याकाळी माझ्यात फक्त तेवढाच एक शब्द शिल्लक असतो.

तिसऱ्या जागेनंतर मात्र मला स्पष्ट कळलं होतं, की जागा ठरली की बुधवार संपणार. मग पुन्हा फोनवरचा तो बसका आवाज, एक आकडा, आणि खट्‌कन ठेवलेला फोन.

चौथ्या बुधवारी मेट्रनबाईंनी मला जिन्यात गाठलं. "अगं, जेवणाची जागा बघताय की राहायला घर? या रविवारी माझं जेवण आहे. आज ठरवलं नाहीस तर मी डबा घेऊन येते बघ!"

चौथी जागा एका अरुंद गल्लीत होती. आत स्वयंपाकघर उघडं, समोर लाकडी कठडा, कठड्याशी हात असलेल्या बुटक्या खुर्च्या. शेफ म्हणजे केस घट्ट बांधलेल्या, मनगटावर भाजल्याचे जुने डाग असलेल्या एक बाई.

"मेनू नाही," त्या म्हणाल्या. "बाजारात आज चांगलं दिसलं ते आणलंय. काय चालत नाही तेवढं सांगा, बाकी माझ्यावर सोडा."

मला एकदम हलकं वाटलं. काहीही ठरवायचं नव्हतं.

"शेवटचं कधी खाल्लंत?" त्याने विचारलं. भूल देण्याआधी तो प्रत्येकाला हेच विचारतो. मला हसू आलं.

"सकाळी. चहा-बिस्किट."

"मग ऑपरेशनला हरकत नाही."

भाजलेल्या पावावर पिकलेला टोमॅटो चोळून, वर ऑलिव्ह तेलाची धार सोडलेली बशी आली. मग बटाट्याचं जाडसर आम्लेट आलं. कापलं तर मधून पिवळं ओघळलं.

"यात तुम्हाला जंतू दिसत असतील," तो म्हणाला.

"दिसतायत. पण आता माझी सुट्टी झालीय."

तो हसला, खुर्चीच्या हातावर कोपर टेकून. पुढचा घास घेऊन मी वळले, तर तो झोपला होता. काटा हातातच. रात्रपाळी आणि वर सकाळची ऑपरेशनांची यादी... मला माहीत होतं, सकाळी मीच त्याला फोन केला होता.

शेफ झिंग्यांची गरम बशी घेऊन आल्या आणि थबकल्या.

"उठवू?" त्यांनी नुसत्या ओठांनी विचारलं.

"नको."

"गार होईल."

"होऊ दे."

त्यांनी बशीवर झाकण ठेवलं आणि तव्याची आच कमी केली. मी त्याच्या बोटांतून काटा अलगद सोडवून घेतला. दिवसभर हा माणूस झोपलेल्यांच्या उशाशी जागा बसतो; त्याच्या उशाशी कोण बसत असेल? त्याचा श्वास संथ चालला होता. नाकावरचे मास्कचे वळ विरत आले होते. आयुष्यात बऱ्याच दिवसांनी मला कुठेही जायची घाई नव्हती, आणि या जागेत खोट काढावी असं एकदाही वाटलं नाही.

तो दचकून उठला. "अरे देवा... किती वेळ गेला?"

"भूल उतरायला लागतो तेवढा."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"तुमचंच काम. लक्ष ठेवून होते."

त्याने मान खाली घातली, मग इकडेतिकडे पाहिलं. "बरं... इथे काय खोट काढायची? पंखा आवाज करतो?"

"पंखा नाहीये इथे."

"मग उजेड? उजेड कमी आहे, नाही?" त्याच्या आवाजात इतकी आशा होती, की मला बघवेना.

शेफ हात पुसत आल्या. "रविवारसाठी दुसरे लोकही विचारतायत. त्यांना काय कळवू?"

तो झाकलेल्या बशीकडे बघत राहिला.

"रविवारी आम्ही वीसजण," मी म्हणाले. "मेट्रनबाई या खुर्चीत बसतील. पहिली बशी तुम्ही स्वतः ठेवायची."

"ठरलं," म्हणून शेफ वळल्या.

"छान झालं," तो म्हणाला. पुन्हा तोच दमलेला, बसका आवाज. "म्हणजे बुधवार संपले."

मी पाणी प्यायले. मग शेफच्या पाठीला उद्देशून, जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि बुधवारी दोनजण."

तव्यावर काहीतरी चरचरलं. तो माझ्याकडे वळला. डोळ्यांत झोप अजिबात नव्हती.

"परत सांगा," तो म्हणाला.

"तुम्ही पहिल्यांदाच ऐकलंत."

"ऐकलं. पण परत सांगा."

मग मी खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि लॅबमधून बोलते तशी, एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणाले, "बुधवारी मला तुमच्याबरोबर जेवायचंय. कुणासाठी जागा बघायला नाही. तुम्ही हवे आहात म्हणून. पुढच्या बुधवारी, आणि त्यानंतरच्या सगळ्या."